बाबांनी रंगवलेली खाडी

माझे वडील चित्रकलेचे मास्तर होते. मुलगी चित्रकार झाली याचा त्यांना फार अभिमान होता, असं लोक मला आता सांगतात. सांगोत बापडे. मी मान डोलावते आणि चहा पुढे करते. कुणाकुणाला काय समजावत बसू?

पनवेलच्या एका शाळेत त्यांनी तीसेक वर्षं पोरांना चित्रकलेच्या परीक्षांना बसवलं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, निसर्गचित्र. प्रत्येकाचे नियम ठरलेले, आणि सगळ्यात कडक नियम पार्श्वभूमीचा. पेपर गोळा करायच्या आधी ते वर्गातून एक फेरी मारायचे आणि ज्याच्या चित्रामागे पांढरा कागद राहिला असेल त्याच्या डोक्यात टपली बसायची. "मागचं कोण भरणार? तुझा आजा?" परीक्षकाला पांढरं दिसलं की पोराला वेळ पुरला नाही असं तो धरून चालतो, हे त्यांचं ठाम मत. मग ते स्वतः ब्रश घेऊन दाखवायचे. फिका निळा कालवायचा, मुख्य आकृतीला धक्का न लावता तिच्या कडेकडेनं जायचं आणि मागचं सगळं भरून काढायचं. मी त्यांच्याच वर्गात होते. टपल्या मलाही बसल्या, मास्तरांची मुलगी म्हणून दोन जास्तच.

आणि एवढं शिकून मी पुढे काय केलं, तर पांढरं सोडायला शिकले.

मुंबईत आर्टचा डिप्लोमा झाला, बेलापूरला एका कचेरीत नकाशे ट्रेस करायची नोकरी लागली. त्याच सुमारास माटुंग्याला राहणाऱ्या एका बाईंकडे मी रविवारी जायला लागले. बाई कलकत्त्याकडच्या, सत्तरीच्या. तरुणपणी एका चिनी चित्रकाराकडे त्या शाईची चित्रं शिकल्या होत्या आणि आता आम्हा चारजणींना शिकवायच्या. काळ्या शाईची कांडी, ती उगाळायला दगड, लांब केसांचा ब्रश आणि एक विलक्षण कागद. हा कागद शाई टेकल्या टेकल्या पिऊन टाकतो. खोडायची सोय नाही, वरून रंग चढवायची नाही. एकदा ब्रश टेकला की जे झालं ते झालं. बाई मोडकंतोडकं मराठी बोलायच्या. माझ्या पहिल्या बऱ्या चित्रावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथे तू काही केला नाही, म्हणून इथे पाणी आहे." त्या वाक्यावर मी खुळावले. पुढची चार-पाच वर्षं मला दुसरं काही सुचलं नाही.

बाबांना त्यातली एकच गोष्ट आवडली, ती म्हणजे शाई उगाळणं. सहाणेवर गंध उगाळावं तसं ते दिसायचं, म्हणून असेल. "हे एक काम बरं आहे तुझं, हात स्थिर होतो," म्हणायचे. बाकी सगळ्याला नावं. चित्र भिंतीवर टाचलं की लांबून बघायचे, जवळून बघायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "सुरुवात चांगली आहे." झालं. माझ्या पुऱ्या झालेल्या चित्राला! मी चिडायचे, ते आणखी खोडी काढायचे. जेवताना आईला विचारायचे, "हिला ऑफिसात रंग परवडत नाहीत का गं?" आई आमटी वाढत म्हणायची की दोघांनी आधी जेवून घ्या. मी बाबांवर रुसायचे, पण चित्र झालं की पहिल्यांदा त्यांनाच दाखवायचे. त्यांच्याइतकं निरखून बघणारं आमच्या घरात कुणी नव्हतं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी दाढी करता करता ब्रश हातातून गळला आणि पाठोपाठ ते खाली बसले. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. 'हां' आणि 'नको' एवढेच दोन शब्द उरले, तेही वाकड्या तोंडातून. कळत मात्र सगळं होतं. डॉक्टरांनी आम्हाला दोनदा बजावलं, "यांना प्रत्येक शब्द समजतो. समोर बोलताना जपून बोला."

तीन-चार महिन्यांत ते काठी घेऊन, भिंतीला धरून चालायला लागले. हात मात्र तसाच. खांद्यातून थोडा हलायचा, बोटं मिटलेलीच. फिजिओथेरपीवाल्या बाई यायच्या, त्यांनी वालाचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितले. बाबांनी वाटी ढकलून दिली. त्या मला म्हणाल्या, "आयुष्यभर ज्या कामाची सवय आहे, तेच करायला लावा. ब्रश धरू द्या. एकदा त्यांच्या मनानं घेतलं की हात येईल."

त्या वर्षात मला दुसरं काही नको होतं. बाबांनी उजव्या हातात ब्रश धरावा, बस्स. बढती नको, प्रदर्शन नको. आई रोज सकाळी त्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर त्यांची जुनी रंगांची पेटी मांडायची, पेल्यात स्वच्छ पाणी भरून ठेवायची आणि संध्याकाळी ते पाणी तसंच्या तसं तुळशीला घालायची. मी त्यांच्या बोटांत ब्रश अडकवायचे, तो खाली पडायचा. पाचव्या-सहाव्या वेळी ते डाव्या हातानं तो उचलून कोपऱ्यात फेकायचे. "नको." मी गोडीनं सांगितलं, रागावून सांगितलं, रडूनही झालं. नको म्हणजे नको. वर्ष होत आलं.

त्या हिवाळ्यात माटुंग्याच्या बाईंनी आम्हा चौघींचं प्रदर्शन ठरवलं. मुंबईतली छोटीशी गॅलरी, प्रत्येकीला एक भिंत. माझ्या भिंतीसाठी मी खाडी काढायला घेतली. ओहोटीच्या वेळची, पाणी उतरून नुसता चिखल चकाकतो ती. महिनाभर रोज पहाटे ऑफिसच्या आधी मी बंदरावर जाऊन बसत होते. कागद होता चार हात लांब. आमच्या मागच्या मोहल्ल्यातले एक चाचा जहाजावर नोकरीला, त्यांनी सिंगापूरहून तसले पाच कागद आणून दिले होते. देताना म्हणाले होते, "बेटी, संभालके. पुढची ट्रिप कधी, अल्लाला ठाऊक." चार कागद मी वाया घालवले. पाचव्यावर एका शनिवारी ते जमलं. चिखलात रुतलेले दोन खुंट, कलंडलेली एक होडी, लांबवर तिवरांची बारीक रेघ. मोजून अठरा फटकारे. बाकी सगळा कागद कोरा आणि त्या कोऱ्यात सगळी खाडी. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं. हे मी आजही म्हणते, बढाई म्हणा हवं तर.

एवढी लांब भिंत घरात एकच, बाबांच्या खुर्चीसमोरची. तिथेच ते टाचून ठेवलं. गुरुवारी ते मुंबईला न्यायचं होतं.

रविवारी सकाळी करंजाड्याची कोळीण आली. दारात टोपली उतरवता उतरवता तिची नजर भिंतीवर गेली. "ही आमची खाडी हाय ना गो ताय? पानी उतारल्याव आशीच दिसते," म्हणाली आणि मांदेली मोजायला लागली. मला आकाश ठेंगणं झालं. मी लगेच बाबांकडे वळले. "ऐकलंत? हिला कळलं. मास्तरांना तेवढं कळत नाही." बाबा तोंडातल्या तोंडात हसले, वाकडं. खूप दिवसांनी हसले म्हणून मलाही चेव आला. दिवसभर मी त्यांना चिडवत राहिले. संध्याकाळी चहा पाजताना बघते तर त्यांची नजर त्या पांढऱ्यावरच खिळलेली. मी म्हटलं, "मागचं राहिलंय, असंच ना? एवढं खुपत असेल तर उठा आणि भरा. मी कुठे नको म्हणते?"

थट्टेत म्हटलं मी. बशी विसळून ठेवली आणि विसरूनही गेले.

सोमवारी मी कामावर गेले. चार वाजता आई शंकराच्या देवळात जायची, तिथून भाजी घेऊन सहापर्यंत परतायची. तेवढा वेळ बाबा एकटे असत. त्या दिवशी मी तिच्या आधी दहा मिनिटं घरी पोहोचले.

दार लोटलं आणि समोर भिंतीवर निळा रंग दिसला. सगळीकडे निळा. वर फिका, खाली गडद, त्या कागदानं पिऊन पिऊन फुगवलेला, कडांना फुटलेला. मधोमध अर्धा नारिंगी सूर्य. त्याच्या डोक्यावर पसरट चारच्या आकड्यासारखे पाच पक्षी. उजव्या कोपऱ्यात नारळाचं झाड सुरू करून सोडून दिलेलं. परीक्षेला पोरं काढतात ते निसर्गचित्र. कागद ओला होऊन खालून फाटायला आला होता आणि त्यातून निळं पाणी भिंतीवरून फरशीवर ठिबकत होतं.

बाबा खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मी चित्राकडे पाहत राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभराच्या पहाटा, पाचवा कागद, गुरुवार, सगळं एकदम डोक्यात गेलं आणि मी ओरडले, "काय केलंत हे? आयुष्यभर लोकांच्या पोरांच्या चित्रांत हात घातलात, पोट भरलं नाही का? देवानं एक हात नेला तो कमी पडला? दुसराही न्यायला हवा होता!"

एका दमात बोलले. एकही शब्द मी आज विसरलेले नाही, गाळूनही सांगत नाही. जन्मदात्याला मी हे बोलले.

तेवढ्यात आई आली. दारातच थबकली. तिनं भिंत बघितलीच नसावी. तिच्या हातातली पिशवी खाली पडली, कांदे घरंगळत गेले, आणि ती बाबांच्या पायाशी बसली. "अहो," म्हणाली, "अहो, हा हात?"

मग मी पाहिलं. बाबांच्या उजव्या पंजाला रुमाल गुंडाळलेला होता. ब्रश बोटांत ठरेना, म्हणून त्यांनी डाव्या हातानं आणि दातांनी ओढून तो रुमालानं बांधला होता. गाठ ओली होती. रुमाल निळा, बोटं निळी, मनगटापर्यंत निळं. ब्रश अजून त्यातच होता. दोन तास ते उजव्या हातानं रंगवत होते. आई ती बोटं कपाळाला लावून हसत होती आणि रडत होती. मला म्हणाली, "अगं बघतेस काय? हात आला ह्यांचा. तूच म्हणालीस ना काल, उठा आणि भरा म्हणून? भरलं बघ त्यांनी."

मी काय बोलले होते ते आईला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं. त्यांनी हात तिच्या हातातून हळूच सोडवून घेतला, मांडीवरच्या शालीखाली सरकवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी कागद वाळल्यावर मी तो भिंतीवरून उतरवला. फेकायचाच होता. खिडकीशी नेला तेव्हा दिसलं. माझे अठराच्या अठरा फटकारे जसेच्या तसे होते. दोन खुंट, होडी, तिवरांची रेघ, कशालाही रंग लागलेला नव्हता. हा कागद रंग ओढून घेतो, पसरवतो, हे त्यांना पहिल्याच हाताला कळलं असणार. म्हणून पुढे त्यांनी माझ्या प्रत्येक रेषेच्या भोवती बोटभर जागा सोडली होती. रुमालानं बांधलेल्या, वर्षभर मेलेल्या हातानं त्यांनी माझ्या चित्राच्या कडेकडेनं जाऊन मागचं भरलं होतं, आणि मला धक्का लावला नव्हता. मी तिथेच फरशीवर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

प्रदर्शनात माझ्या भिंतीवर तीन लहान चित्रं लागली. लोकांनी कौतुक केलं, एका गृहस्थांनी कोऱ्या जागेबद्दल लांबलचक प्रवचन दिलं. मला त्यांचा कंटाळा आला. बाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

माफी मागितली का? सतरांदा मागितली. पाया पडले, पाय धरून बसले. म्हटलं, बाबा, माझी जीभ झडो. ते डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटायचे. राग त्यांना नव्हताच, तो असता तर बरं झालं असतं. मी नवा कागद आणला, पेटीत नवे रंग भरले, म्हटलं, माझ्या सगळ्या चित्रांची पार्श्वभूमी भरा, एकही पांढरं ठेवू नका. ते ऐकायचे आणि मान हलवायचे. "नको." उजवा हात शालीखालून बाहेर यायचा नाही. उन्हाळ्यातसुद्धा शाल. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, "असं कसं? एकदा आलेला हात कुणी असा घालवतं का?" आईनं त्यांना काही सांगितलं नाही. तिला तोवर सगळं कळलं होतं, मीच सांगितलं होतं. मला ती एका शब्दानं बोलली नाही. पावसाळ्यात कधीतरी तिनं रंगांची पेटी माळ्यावर टाकली आणि स्टूल न्हाणीघरात नेलं.

अशी दोन वर्षं गेली.

पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे, समोर आहे, एवढं बँकेनं बघायचं आणि कागदावर त्याची सही घ्यायची. आदल्या वर्षी बाबांना ताप होता, तेव्हा बँकेचा माणूस घरी येऊन अंगठा घेऊन गेला होता. या वर्षी मी त्यांना रिक्षात घालून नेलं. काउंटरवरच्या बाई त्यांना बघून उठूनच उभ्या राहिल्या. बाबांच्या विद्यार्थिनी निघाल्या. खुर्ची दिली, पाणी दिलं, शेजारच्या टेबलावरच्यांना सांगितलं की आमच्या सरांनी मला पार्श्वभूमीसाठी किती टपल्या मारल्यात म्हणून. बाबा हसले.

मग त्या बाईंनी दाखल्याचा कागद पुढे ठेवला. शिक्क्याचं पॅड बाजूला सरकवलं आणि आपल्या पर्समधून पेन काढून टोपण उघडलं. म्हणाल्या, "सर, अंगठा कसला? सही करा. वेडीवाकडी आली तरी चालेल, मी बघून घेईन. सावकाश करा, मला घाई नाही."

शाल हलली. मी शेजारीच उभी होते, मला दिसलं. शालीच्या कडेखालून चार बोटं बाहेर आली. बोटं मिटलेली नव्हती. पेन धरायला जेवढी उघडावी लागतात तेवढी ती उघडली होती. दोन वर्षं आत काय चाललं होतं कोण जाणे, कदाचित ते एकटेच तिथे बोटं हलवत असतील. हात टेबलापर्यंत आला आणि थांबला. बाबांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

परवानगी मागत होते. वर्गात पोरं त्यांच्याकडे बघायची तसं ते माझ्याकडे बघत होते, करू का म्हणून.

करा, एवढंच म्हणायचं होतं मला. करा हो बाबा. दोन अक्षरं. तीही तोंडाबाहेर पडली नाहीत. मला वाटलं मी मान हलवतेय, पण मी तोंडावर पदर धरून नुसती उभी होते. त्यांना काय दिसलं असेल ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग बोटं शालीखाली गेली आणि त्यांनी डावा अंगठा पुढे केला. "बरं, राहू दे सर," असं म्हणत त्या बाईंनी पॅड जवळ ओढलं, अंगठा उमटवून घेतला आणि कापसानं शाई पुसून दिली.

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, "बाबा, सही करायची होती." ते बाहेर बघत होते.

पुढच्या नोव्हेंबरात दाखला लागला नाही.